आगवाला

मे महिन्यात साखर पेठेत
पत्र्याखाली आमचे बारा माग चालतात.
पारा चव्वेचाळीसवर गेला की पोरं म्हणतात,
शेठ, बंद करा, मरू.
मी बंद करतो.
कानातली खडखड मात्र आणखी पाचेक मिनिटं चालू राहते,
आणि तेवढ्यात कधीकधी सायण्णा येऊन बसतो.

सायण्णा कुरापाटी, वडिलांचा चुलतभाऊ.
संपात गिरणीतनं पळाला, थेट गोदीत.
कुणी विचारलं, काय येतं?
म्हणाला, भट्टी.
खोटं. त्याला येत होतं
तुटलेलं सूत दोन बोटांत धरून
न बघता सांधणं.
वहीत नाव पडलं : सायना, आगवाला.
करारात म्हणे एक कलम होतं
की फार उत्तरेला नेणार नाही.
कलम इंग्रजीत. अंगठा त्याच्या खाली.

बेचाळीसचा हिवाळा.
तीसेक जहाजं रशियाकडे :
रणगाडे, पीठ, बुटांचे तळवे,
आणि पुढच्या खणात जे होतं
त्याच्याजवळ बिडी ओढायला बंदी होती.

समुद्र मी पाहिलाच नाही रे, म्हणायचा.
पाण्याच्या रेषेखाली, भट्टीच्या तोंडाशी
आपला सोलापूरचा मे चालू होता.
अंगावर लंगोट, कपाळाला फडकं.
आणि बोटभर पत्र्यापलीकडे असलं पाणी
की पडलेला माणूस...
इथं तो मोजू लागायचा, तेलुगूत,
ओकटी, रेंडू, मूडू,
आणि शंभराच्या बऱ्याच अलीकडे थांबायचा.

लढाई त्यांनी कानानं पाहिली.
पाणबुडीवर टाकलेले बॉम्ब लांब फुटले
तर कुणी बाहेरून वीट मारतंय असं वाटायचं.
जवळ फुटले तर दिवे जायचे
आणि कोळशाची धूळ उभी राहायची.
मी दहा वर्षांचा. विचारलं,
टॉर्पेडो येताना ऐकू येतो?
म्हणाला, जा, तुझी आई हाक मारतीय.
आई बाजारात गेली होती.

एकदाच वर गेला, राखेची बादली घेऊन.
भर दुपारी रात्र, तिला हिरवट कड.
जहाजं रांगांत, ओळीनं,
ताण्याची सुतं लावावीत तशी,
आणि मधनं विनाशिका धोट्यासारख्या
इकडून तिकडं.
मग तिसऱ्या रांगेतलं एक सूत तुटलं.
आवाज नंतर आला.
पाण्यावर बारके लाल दिवे दिसले, माणसांच्या छातीवरचे.
मागचं जहाज त्यातूनच आलं.
हुकूम होता, कुणासाठी कुणी थांबायचं नाही.

सूत तुटलं की माग थांबवायचा,
हे त्याला आठव्या वर्षापासून ठाऊक.
हात आपोआप दांड्याकडे गेला.
तिथं दांडा नव्हता.
कठडा होता, गोठलेल्या लोखंडाचा,
आणि हात उघडा, भट्टीतनं आलेला, घामेजलेला.
कातडी तिथंच राहिली.
दोन बोटं मुर्मान्स्कच्या दवाखान्यात.
तीच दोन.

परत आला तेव्हा गिरणीनं त्याला फाटकावर बसवलं.
घरी कोपऱ्यात बसून असायचा,
आणि बारा मागांच्या गोंगाटात
एकात सूत गेलं की उठून ओरडायचा,
सातवा! सातवा थांबवा!
आम्ही धावायचो. सातवाच असायचा.
पदक वगैरे काही आलं नाही.
कुठल्या पत्त्यावर येणार, आणि कुठल्या सायनाला.

परवा इचलकरंजीचा एक विक्रेता आला होता.
नवा माग, रंगीत पत्रक.
म्हणाला, प्रत्येक सुतावर एक पातळ पत्ती असते शेठ,
सूत तुटलं की पत्ती पडते,
यंत्र स्वतःच थांबतं. माणूस लागत नाही.
मी किंमत विचारली.
मग विचारलं, आणि पत्ती अडकली तर?
तर काय, म्हणाला, चालूच राहतं.
चादरीत एक रेघ पडते बारीक.
गिऱ्हाइकाला दिसत पण नाही.